दोन गाण्यांच्या मधलं

खोली दाखवताना चाचांनी मला लग्न झालंय का, गाव कुठलं, मासे खातो की नाही, यातलं काहीच विचारलं नाही. खिडकी उघडली, मधल्या भिंतीवर बोटं वाजवून ती किती पातळ आहे ते ऐकवलं आणि म्हणाले, "घोरतोस काय?"

"नाही," मी म्हणालो.

आमच्या संबंधांतलं हे पहिलं खोटं. ते आठवडाभर टिकलं. मग एका रविवारी संध्याकाळी त्यांनी मला अंगणात अडवलं. "दुपारी करवत चालू होती तुजी. तुज्यापायी माजा एक खोकला गेला."

मी त्यांना सुंठ-मध सुचवलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुढचा आठवडा दुपारी झोपलोच नाही.

खोकला त्यांचा नव्हता, हे मला पुढे कळलं. तो कुणा अनोळखी अमेरिकन माणसाचा होता. चाळीसेक वर्षांपूर्वी कुठल्याशा मैदानात एक बँड वाजत असताना तो माणूस दोन गाण्यांच्या मध्ये खोकला होता, आणि चाचांना तो खोकला फार आवडायचा.

माणगावहून हरिहरेश्वरकडे जाताना खाडीच्या काठाला हे गाव लागतं. निम्मी घरं आखातातल्या पैशांवर बांधलेली, उरलेली आखातातून कुणी येईल म्हणून राखलेली. मी तिथे होतो कारण त्या पट्ट्यातल्या, पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांचे फोटो काढून ते वेबसाइटवर चढवायचं काम मला मिळालं होतं. 'समुद्र दिसतो' असं लिहायचं. कुठून दिसतो ते लिहायचं नाही. गावात मी कॉम्प्युटरवाला म्हणून ओळखला जायचो, कारण माझ्याकडे कॉम्प्युटर होता. चाचांना तेवढंही लांबण नको असायचं. ते मला नुसतं 'कॉम्प्युटर' म्हणत.

चाचा उंच, वाळलेले, सत्तरी ओलांडलेले. कमरेला चौकड्याची लुंगी आणि वर त्या बँडचा काळा टी-शर्ट. छातीवरचं चित्र धुऊन धुऊन इतकं पुसट झालेलं की चाची त्याला कोबी म्हणायच्या. तरुणपणी चाचा मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये तेलपाणी बघायचे. त्या इंजिनांनी त्यांचा डावा कान कधीच नेला होता आणि उजवा जायच्या तयारीत होता. म्हणून ओटीवरच्या झोपाळ्यात ते नेहमी तिरके बसत, उजवा कान पुढे काढून. समोरच्या फणसाला लग्नातला जुना कर्णा टांगला होता. त्याचं तोंड गावाकडे नव्हतं, थेट चाचांकडे होतं.

"गावाला कशाला तरास," ते म्हणत. "त्यांना कदर न्हाय आन मला वेळ न्हाय."

बँडचं नाव ते कधी घेत नसत. 'आमची पार्टी' म्हणत, कव्वालीची पार्टी असते तशी. ही पार्टी जुनी, अमेरिकन, आणि तिची एक तऱ्हा होती. कार्यक्रमाला आलेल्या लोकांना ते खुशाल रेकॉर्डिंग करू द्यायचे. लोक टेप करायचे, एकमेकांना फुकट कॅसेटी द्यायचे, आणि विकायचं नाही हा नियम पाळायचे. आता ते सगळं इंटरनेटवर एका ठिकाणी साठवून ठेवलंय. तारखेवार, गाववार, हजारोंनी कार्यक्रम. कुणीही जावं, ऐकावं, उतरवून घ्यावं.

हे चाचांना हरिहरेश्वरला आलेल्या एका परदेशी पाहुण्यानं सांगितलं होतं. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी मोठ्या अनुभवानं मान हलवली. "चाचा, फुकट काही नसतं. व्हायरस असतो." त्यांनी माझं ऐकलं, उठले, आणि माझ्याच लॅपटॉपवर एका बोटानं टाइप करत ती जागा शोधून काढली. त्या दिवसापासून घरातला कॉम्प्युटर कोण, हा प्रश्न तसा उघडाच राहिला.

चाचांची ऐकायची रीत होती. कार्यक्रम पहिल्यापासून लावायचा. मध्ये थांबवायचा नाही, पुढे ढकलायचा नाही. गाणं संपलं की टाळ्या वाजवायच्या, आणि त्याही लोक टेपमध्ये थांबेपर्यंत. गाणी चालू असताना ते चाचींशी बोलायचे, शेंगा सोलायचे, मांजराला शिव्या द्यायचे. गाणं संपलं की बोट वर. मग गिटारवाला तारा लावायचा, ढोलवाला उगाच एखादी थाप मारायचा, गर्दीतून कुणीतरी काहीतरी ओरडायचं, एखादी बाई हसायची. चाचा डोळे मिटून ते ऐकायचे.

"तारा लावनं म्हंजे वजू," ते म्हणत. "हातपाय न धुता नमाजला उभा राहतोस काय?"

"तौबा करा," चाची आतून म्हणत.

"मी पाकच बोललो. त्यांची साफसफाई हाय ती."

जे फुकट मिळालं ते फुकट पुढे द्यायचं, हा त्या लोकांचा नियम चाचांनी मनावर घेतला. रिक्षावाल्यांना ते मेमरी कार्डं भरून वाटत. त्यामुळे काही दिवस श्रीवर्धन-हरिहरेश्वर रस्त्यावर देवदर्शनाला निघालेली कुटुंबं अर्धा अर्धा तास एकच गिटार ऐकत जायची. एका रिक्षावाल्यानं ओटीवर येऊन तक्रार केली.

"चाचा, ह्यात गानं कवा सुरू व्हतंय? मंदिर आलं तरी निसतं टिंगटिंगच."

"सुरू झालेलं हाय."

"मंग संपत का न्हाय?"

"तुजं भाडं उतरलं म्हनून गानं संपायला पायजे काय?"

त्यानं कार्ड परत केलं. चाचांनी ते पुसून पुढच्या रिक्षावाल्याला दिलं.

माझ्या हातून झालेला पहिला मोठा घोटाळा या काळातला. मेमरी कार्डात जागा पुरत नव्हती. मी विचार केला, मधला कचरा काढून टाकू. दोन दिवस खपून मी वीसेक कार्यक्रम साफ केले. टाळ्या, खोकले, तारा लावणं, आरडाओरडा, सगळं कापलं. गाण्याला गाणं जोडलं आणि अभिमानानं चाचांच्या हाती दिलं. त्यांनी ऐकलं. पहिलं गाणं संपलं, त्यांचं बोट वर गेलं आणि दुसरं गाणं सुरू झालं. बोट तसंच हवेत राहिलं.

"मधलं कुटं हाय?"

मी सांगितलं.

त्यांनी पायानं झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "बिर्यानीतनं भात वेचून काढलास आन म्हनतोस, खा."

त्यांना गाण्यांच्या मधलं का हवं होतं, हे मला चाचींनी सांगितलं, कोळंबी सोलताना. गावाला ते ठाऊक होतं. गाव त्याला थाप म्हणायचं.

जहाजावर चाचांबरोबर त्यांचा चुलतभाऊ होता. बरोबरीचा, शेजारच्या घरातला. एका वर्षी दोघंही रमजानचे पहिले रोजे घरी करून विमानानं जहाजावर गेले. महिना सरत आला तेव्हा जहाज अमेरिकेतल्या एका बंदरात लागलं होतं. गावात मोठं मैदान होतं, तिथे कसली तरी गर्दी चालली होती, फिरत फिरत हे दोघं आत गेले. तीच ती पार्टी. दोघांनाही रोजा. सूर्य बुडायच्या सुमारास गिटारवाल्याची तार तुटली, तो ती बदलत बसला आणि सगळं मैदान थोडं शांत झालं. तेवढ्यात चुलतभावानं घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं आणि दोघांपुरतं सांगायचं सोडून अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "टाईम झाला रं, रोजा खोला!" जवळ खजूर नव्हता. चाचांनी विकत घेतलेल्या मक्याच्या लाह्यांवर रोजा सोडला. आणि स्टेजवरचा गाणारा त्या आवाजाच्या दिशेनं बघून माइकमध्येच हसला.

ही गोष्ट चाचांनी वर्षानुवर्षं सांगितली. गंमत म्हणून लोक ऐकत. पण तो चुलतभाऊ हजला जाऊन आला, दाढी वाढली, जमातीचा अध्यक्ष झाला. रमजानात मशिदीच्या कर्ण्यावरून संध्याकाळी रोजा सोडायची वेळ जाहीर करायचं काम त्याच्याकडे आलं. हाजीसाहेबांच्या घड्याळावर गाव जेवतं, असं म्हणायची पद्धत पडली. आणि मग एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, कुणीतरी पोरानं त्यांना विचारलं, "हाजीसाहेब, तुमी बाजा ऐकायला गेल्ते म्हनतात, खरं काय?"

"आमी त्या दिवशी जहाजावरच व्हतो," हाजीसाहेब म्हणाले. "ह्याला थापा मारायची सवय हाय."

सगळी पंगत हसली. चाचा त्या पंगतीतून उठले ते पुन्हा कुठल्याच लग्नाच्या पंगतीला बसले नाहीत. तेव्हापासून दोघांत ईदचा सलाम आणि मयतीचा खांदा, एवढंच उरलं. चाचांचं नाव थापाड्या पडलं. मासळीवालीसुद्धा त्यांनी सांगितलेला बाजारभाव दुसऱ्याला विचारून घ्यायची.

"मग आता एवढ्या वर्षांनी काय करायचंय?" मी चाचींना विचारलं.

"उजवा कान जायच्या आधी त्यांना तो आवाज ऐकायचा हाय," चाची म्हणाल्या. "म्हनतात, कुनीतरी टेप केलं असंल. गेल्यावर सापडलं तर मी कसा वळखू?"

तेव्हा मी ठरवलं की हे काम मीच तडीस नेणार. असं मी ठरवलं की आजूबाजूच्यांनी सावध व्हावं.

चाचांना बंदराचं नाव आठवत नव्हतं. त्या फेरीत जहाज तीन-चार बंदरांना लागलं होतं. वर्ष पक्कं होतं, थोरल्या मुलीच्या जन्माचं. आणि दिवस पक्का होता, एकोणतिसावा रोजा. दुसऱ्या दिवशी ईद धरायची की तिसावा रोजा, यावर दोघांचा वाद झालेला त्यांना आठवत होता. मला आणखी काय हवं? मी इंटरनेटवर इस्लामी तारखेची इंग्रजी तारीख काढून देणारं पान शोधलं, वर्ष आणि एकोणतीस रमजान टाकलं, तारीख आली. त्या तारखेला त्या साठ्यात पाहिलं. कार्यक्रमच नव्हता. पार्टी त्या दिवशी कुठेच वाजली नव्हती.

हे एखाद्याला हळू सांगावं, चहाबिहा पुढे करून सांगावं. मी अंगणातूनच ओरडलो, कारण चाचांना कमी ऐकू येतं. "चाचा, त्या दिवशी कार्यक्रमच नव्हता!" शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालणाऱ्या बायकांनीही ऐकलं. संध्याकाळपर्यंत गावात पोचलं की थापाड्याची थाप कॉम्प्युटरनं पकडली.

चाचांनी कर्णा फणसावरून उतरवला, फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. चाचींनी मला त्या रात्री जेवायला बोलावलं नाही, आणि नंतरही बरेच दिवस नाही.

मग रमजान आला. दहा-बारा रोजे झाल्यावर चाचा माझ्या दारात उभे राहिले. रोजाच्या महिन्यात ते गाणी ऐकत नसत.

"तू मागं कापून काढलेलंस," ते म्हणाले, "ते फेकलंस काय?"

"कचऱ्याच्या फोल्डरमध्ये आहे."

"ते दे. गानं नको. निसती मानसं दे."

अशा रीतीनं तो महिना आम्ही न वाजलेल्या गाण्यांच्या मधल्या जागा ऐकत काढला. तारा, टाळ्या, खोकले, हरवलेल्या पोराची घोषणा. मला वाटतं, जगात एवढा एकच ओटा असेल जिथे एका बँडचं सगळं ऐकलं जात होतं, गाणी सोडून.

चाचांचा मुलगा दुबईला. ईदच्या सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचाच. त्या वर्षीही आला. नवे कपडे, हातात शीरखुर्म्याची वाटी, मागे पोरांचा दंगा. "ईद मुबारक, अब्बा."

"मुबारक. आमची उद्या," चाचा म्हणाले. त्यांचा रोजा होता. चाचींनीही पडद्यावर सुनेला खिरीत खारीक जास्त झाल्याचं सांगितलं. दरवर्षीचंच. तिकडे चंद्र आधी दिसतो, इकडे बहुतेक एक दिवसानं. कॉल संपला. चाचा फोन हातात धरून तसेच उभे राहिले.

"कॉम्प्युटर."

"काय चाचा?"

"तू त्या येळंला चाँद कुनाचा धरलेलास?"

"म्हणजे?"

"आमचा का त्यांचा?"

"चाचा, चंद्र एकच आहे."

आतून चाची हसल्या. कित्येक दिवसांनी माझ्यावर कुणीतरी हसलं, मला बरं वाटलं. "चंद्र एकच हाय रं बाबा," त्या म्हणाल्या. "दिसतो दोनदा."

मी पळत जाऊन ते पान उघडलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या तारखा अरबस्तानातल्या पंचांगाप्रमाणे आहेत. चाचा आणि त्यांचा भाऊ मात्र पहिले रोजे गावात धरून निघाले होते, गावच्या चंद्रानं, एक दिवस उशिरा. समुद्रावर त्यांनी तीच मोजणी पुढे नेली होती. इंजिनरूमच्या लोखंडावर खडूच्या रेघा मारून, चाचा म्हणाले. त्यांचा एकोणतिसावा म्हणजे माझ्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. बंदराच्या गावी, उघड्या मैदानात.

चाचांचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. "म्हंजे आमी रोजा धरला तवा बाकीच्यांची ईद व्हती?"

"तसं दिसतंय. तिकडे त्या वर्षी एकोणतीसच रोजे झाले."

"तौबा. ईदच्या दिवशी रोजा धरनं मना हाय." त्यांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. मग चाचींकडे पाहून हळूच म्हणाले, "हे हाजीला कळता कामा नये. त्याला झोप न्हाय लागायची."

इथे मी माझा तिसरा घोटाळा केला. त्या कार्यक्रमाची दोन रेकॉर्डिंग होती. एकाला पाच तारे, दुसऱ्याला दोन. माझा धंदाच ताऱ्यांचा. पाच तारे दिसले की मी खाट मोडकी असली तरी बघत नाही. मी पाचवालं उतरवलं. तार तुटायची जागा शोधली आणि लॅपटॉप चाचांच्या उजव्या कानाशी धरला.

तारेचा आवाज काचेसारखा स्वच्छ आला. बाकी काही नाही.

"मानसं कुटं गेली?" चाचा म्हणाले.

मी खालची माहिती वाचली. हे रेकॉर्डिंग थेट स्टेजच्या यंत्रातून घेतलेलं होतं. वाद्यं आणि गळे, बस. गर्दी त्यात आलीच नव्हती.

"वऱ्हाड सोडून लगीन," चाचा म्हणाले आणि झोपाळ्यावर मागे टेकले. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, कर्णा आता माळ्यावरच राहणार.

दोन ताऱ्यांचं रेकॉर्डिंग कुणा प्रेक्षकानं गर्दीत माइक धरून केलेलं होतं. खाली एकाच माणसाचं मत होतं. मी ते त्यांना मराठीत वाचून दाखवायला लागलो, खरं तर दोन तारे का मिळाले हे सांगून स्वतःची बाजू राखायला. "आवाज बरा आहे. पण गिटारची तार बदलताना माइकजवळचा कुणी गाढव न समजणाऱ्या भाषेत किंचाळतो..."

चाचांनी डोळे उघडले. "गाडव म्हनतोय?"

"हो."

"मंग?"

"...आणि त्याचा मित्र पुढचं अख्खं गाणं कानाशी लाह्या चावत बसतो. ऐकू नका."

चाचांनी छातीवरच्या कोबीवर बोट ठेवलं.

"तो मी," ते म्हणाले.

चाची दारात येऊन उभ्या राहिल्या. मी उतरवून घेतलं. गावचं नेट हे गावच्या एसटीसारखं, येतं पण आपल्या सवडीनं. दुपार त्यातच गेली. लावलं तेव्हा आधी वारा ऐकू आला, मग गर्दी, मग तार तुटल्याचा टणत्कार आणि लोकांचा हसरा कल्ला. कल्ला विरला. आणि एक कोवळा, पातळ, जरासा फाटका आवाज, अगदी जवळून, "टाईम झाला रं, रोजा खोला!" गर्दीत कुणीतरी हसलं. लांबून माइकमधूनही कुणी हसलं. मग कुरुम, कुरुम.

चाचांनी पुन्हा लावायला सांगितलं नाही. "याचा आवाज किती बारीक व्हता," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो. ताटात खजूर, भजी, कलिंगड. मीही बसलो होतो, रोजा न करता भुकेला. मशिदीचा कर्णा खरखरला आणि हाजीसाहेबांचा जाड, भारदस्त आवाज गावावर पसरला. वेळ झाली, रोजा सोडा. चाचांनी उजवा कान तिकडे केला. हातातला खजूर त्यांनी थोडा वेळ तसाच धरला.

मी म्हणालो, "चाचा, जमातीच्या ग्रुपवर टाकू? आत्ता टाकतो. पाच मिनिटांत सगळ्या गावाला कळेल कोण थापाड्या ते."

"फोन खाली ठेव," चाचा म्हणाले. "भजी खा."

ईदच्या सकाळी चाचांनी टी-शर्टावर पांढरा कुर्ता घातला आणि मला बरोबर घेतलं. हाजीसाहेबांच्या अंगणात नमाजाहून आलेली माणसं बसली होती. गळाभेटी चालल्या होत्या. चाचा गेले, मिठी मारली, सलाम झाला. एरवी ते इथूनच परत फिरत. त्या दिवशी ते हाजीसाहेबांच्या शेजारी बाकावर बसले.

चाचांनी माझ्याकडून फोन घेतला. इअरफोनचं एक टोक स्वतःच्या उजव्या कानात घातलं आणि दुसरं हाजीसाहेबांपुढे धरलं. हाजीसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण ईदच्या दिवशी नाही कसं म्हणणार? कानात घातलं. एका वायरनं जोडलेले दोन म्हातारे बाकावर बसलेले, आणि सगळं अंगण त्यांच्याकडे बघत होतं. मी बटण दाबलं.

हाजीसाहेबांचा चेहरा हलला नाही. नंतर त्यांचा हात दाढीवरून खाली आला आणि गुडघ्यावर थांबला. त्यांनी पुढचं लाह्यांचं चावणंही ऐकलं. मग कानातलं काढून चाचांच्या हातात दिलं आणि समोर आंब्याकडे बघत बसले. मी मनात म्हटलं, झालं, हाही दगड फुटला नाही.

चाचांनी वायर गुंडाळली. सहज, शेजाऱ्याला पावसापाण्याचं सांगावं तसं म्हणाले, "पन तू टाईमच्या आदी वरडलास."

"कोन?"

"तूच. सूर्य अजून व्हता. माजा रोजा तू मोडलास."

"आदी?" हाजीसाहेब वळले. त्यांची मान लाल झाली. "आदी? मी? अरं, त्या दिव्यांच्या खांबामागं सूर्य पुरा बुडालेला ह्या डोळ्यांनी बघितला मी. वर आनखी थोडं थांबलो. तुला भूक लागलेली, तू लाह्यांची पुडी आदीच फोडून बसलेलास, आन मला टाईम शिकवतोस?"

अंगणात कुणाचा चमचाही वाजला नाही.

हाजीसाहेबांना आपण काय बोललो ते कळायला एक क्षण लागला. त्यांनी लोकांकडे पाहिलं. लोकांनी आपापल्या वाट्यांकडे पाहिलं. वर्षानुवर्षं गावाला ज्यानं वेळ सांगितली, त्याला कुणी वेळ चुकली म्हणावं, हे त्यांना बाजा ऐकायला गेल्याच्या बदनामीपेक्षा जड गेलं होतं. एवढंच करायचं होतं, तर हे वाक्य चाचांना कधीही म्हणता आलं असतं. आम्ही उगाच अमेरिकेपर्यंत जाऊन आलो. पण तो कोवळा आवाज आधी कानात गेला नसता, तर हाजीसाहेब त्या मैदानात परत उभे राहिले असते का, कोण जाणे.

मला अशा वेळी गप्प बसता येत नाही. "हाजीसाहेब," मी म्हणालो, "गंमत म्हणजे तिकडे त्या दिवशी तर..."

चाचांनी शीरखुर्म्याचा भरलेला चमचा माझ्या तोंडात घातला. बराच गरम होता.

"ह्याला काय म्हनायचं हाय?" हाजीसाहेबांनी विचारलं.

"खीर बरी झाली म्हनतोय," चाचा म्हणाले.

त्यानंतर पुढे लग्नाच्या पंगतीला चाचा दिसू लागले. हाजीसाहेबांच्या शेजारी. थापाड्या हे नाव गळालं आणि त्याचा वेगळाच परिणाम झाला. चाचा आता खरोखरच्या थापा मारतात, जहाजाएवढ्या कासवाची वगैरे, आणि गाव विश्वास ठेवतं. माझी बदली पुढे किहीमकडच्या घरांवर झाली. मधे एकदा गेलो होतो. उजवा कानही आता जवळजवळ गेलाय. कर्णा पुन्हा फणसावर आहे आणि आता तो किती मोठ्यानं लागतो याबद्दल गावाला मत आहे. चाचा मात्र अजून बोट वर करतात, बरोबर गाणं संपल्यावर. चाची दारातून खूण करतात, असा माझा संशय आहे.

पण त्या ईदच्या दुपारचं राहिलंच. घरी आल्यावर चाचांनी मला लॅपटॉप उघडायला लावला. त्या माणसाच्या मताखाली आपलं मत लिहायची सोय होती.

"लिही," झोपाळ्यावर बसत ते म्हणाले. "इंग्लिशमदी लिही. तार बदलताना जो वरडला तो गाडव न्हाय. तो आमच्या गावचा हाजी हाय."

मी लिहिलं.

"लिही, त्यानं टाईम बरोबर सांगितला व्हता."

मी वर पाहिलं. "पण चाचा, सकाळी तुम्ही तर..."

"लिही."

मी लिहिलं. खाली तारे द्यायची जागा होती. "किती देऊ? पाच?"

चाचांनी विचार केला. "चार दे," ते म्हणाले. "लाह्या शिळ्या व्हत्या."